बकुळाबाय आणि कोळीवाड्याची हद्द

बकुळाबाय आमच्या गल्लीतली सगळ्यात जळकी बाई आहे. मी हे तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावरच बोलते, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. "जळते तर जळते. चूल पण जळतेच ना," म्हणते आणि हातातल्या बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून ती जोडी दोरीवर टाकते. तुमच्याकडे नवे पडदे दिसले की ती आत येऊन कापड चिमटीत धरून बघणार, "बरा हाय" म्हणणार, आणि आठवड्याभरात तिच्या खिडकीला त्याहून भडक पडदे लागणार. माझ्याकडे पाणी गाळायचं मशीन आलं तेव्हा ती माझ्याशी धड बोलेना. मग तिच्याकडेही आलं. त्यातलं पाणी ती पीत नाही, चव लागत नाही म्हणते, पण मशीन भिंतीवर आहे आणि रोज पुसलं जातं.

हे सगळं वरवरचं. ही जळफळ येते आणि जाते. तिची खरी, मुरलेली जळफळ एकाच बाईवर होती. तिची मोठी जाऊ, लक्ष्मीबाय.

आमची गल्ली म्हणजे खळ्याची गल्ली. वरळीच्या समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला जुना कोळीवाडा, डाव्या हाताला मोठा रस्ता आणि रस्त्यापलीकडे टॉवर, मध्ये आम्ही. खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. पूर्वी सगळं मैदानच होतं म्हणे. मग कडेकडेनं खोल्या झाल्या, त्यातल्या एकीत माझे बाबा भाड्यानं आले. ते देवगडकडचे, गिरणीत कामाला. मी त्याच खोलीत वाढले आणि अजून तिथेच राहते; दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. खोल्या झाल्या तरी मधला चौक मोकळा राहिला, कारण तो बकुळाबायचा. तिथे तिची वलांडी उभी असते, म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेल्या दोऱ्या, आणि पावसाळा सरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत त्या दोऱ्यांवर बोंबील. वासाची आम्हाला सवय आहे. पाहुण्यांना नसते.

बकुळाबाय या खळ्यावर कशी आली, ते गल्लीतल्या प्रत्येकानं तिच्या तोंडून ऐकलंय. तिची सासू शेवंताआजी फार कडक बाई होती. नवरा गेल्यावर तिनं दोन मुलांच्या वाटण्या स्वतः केल्या. थोरल्या बुधाजीला देवळासमोरचं कौलारू घर दिलं. धाकट्या हरेश्वरला, म्हणजे बकुळाबायच्या नवऱ्याला, हे खळं आणि खळ्याच्या कडेची पत्र्याची खोली. बकुळाबाय तेव्हा नवी नवरी होती. "तिला घर दिलं आणि मना उन्हान फेकली," हे तिचं ठरलेलं वाक्य. सासू लक्ष्मीची लाडकी, लक्ष्मी गोरी, लक्ष्मी गोड बोलणारी, लक्ष्मीनं पाय चेपून घर काढून घेतलं, अशी ती कहाणी वर्षागणिक वाढत गेली होती. शेवटी शेवटी तर लक्ष्मीनं सासूला जेवणात काहीतरी घातलं असणार, इथपर्यंत मजल गेली. हरेश्वरकाका हे ऐकून उठून जायचे. त्यांनी बायकोशी कधी वाद घातला नाही, खरं काय तेही कधी सांगितलं नाही. गरीब माणूस, आणि त्यात आळशी.

लक्ष्मीबायच्या देवळासमोरच्या घराचा पुढे बंगला झाला. दोन मजले, फरशी, ओट्याला ग्रॅनाइट, जिन्याला स्टीलचा कठडा. दादरच्या मासळी बाजारात तिची गेटाजवळची बैठक, तिथे ती ताजी सुरमई आणि पापलेटं विकणार. बकुळाबाय सुक्या मासळीची पाटी घेऊन लालबाग-परळच्या चाळी फिरणार. नारळी पौर्णिमेची मिरवणूक लक्ष्मीबायच्या दारावरून जाते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते आणि वळते. आत येत नाही, कारण गाव तिथे संपतो अशी समजूत. दर वर्षी बकुळाबाय ठेवणीतली साडी नेसून गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, मिरवणूक वळली की घरी येऊन आधी साडी फेडायची आणि मग दिवसभर भांडी आपटायची. मला त्या दिवशी तिच्याकडून नारळीभात कधी मिळाला नाही. लक्ष्मीबाय मात्र न चुकता डबा पाठवायची, आणि तो मी बकुळाबायच्या नजरेआड खायचे.

अशातच हद्दीचं निघालं.

महापालिकेनं कोळीवाड्याची हद्द नक्की करायला घेतली होती. हद्दीच्या आत येईल त्याचं घर, त्याची जमीन, दुरुस्ती करा, वाढवा, तुमचं तुम्ही. हद्दीबाहेर राहील ते झोपडपट्टीत धरणार आणि आज ना उद्या टॉवरमध्ये एक खोली देऊन मोकळं होणार. जुना कोळीवाडा आत येणार यात शंकाच नव्हती. प्रश्न आमच्या गल्लीचा होता. गावच्या पंचांनी आणि आमच्या लोकांनी मिळून अर्ज केला, की हद्द वाढवून खळ्याची गल्लीही आत घ्यावी. प्रस्ताव वॉर्ड ऑफिसला गेला आणि तिथून निरोप आला की साहेब जागा बघायला येणार.

बकुळाबायचं सगळंच त्यावर अवलंबून होतं. चौक गेला की वलांडी गेली, वलांडी गेली की धंदा गेला. टॉवरच्या सोळाव्या मजल्यावर कोण बोंबील टांगू देणार? पण खरं सांगायचं तर तिच्या तोंडी धंद्याचं नाव क्वचितच यायचं. लक्ष्मी आत आणि मी बाहेर, हे सरकारी कागदावर, शिक्का मारून येणार, याचीच तिला धास्ती होती. सासूनं केलं ते घरातलं होतं. आता सरकारही तेच करणार, असं ती म्हणायची.

साहेब यायच्या आदल्या दिवशी कळलं की त्यांना गाव दाखवायला पंचांतर्फे लक्ष्मीबाय बरोबर असणार. झालं. बकुळाबायनं लगेच पदर खोचला. लक्ष्मी साहेबांना आधी स्वतःच्या घरी नेणार, ग्रॅनाइटच्या ओट्यावरून चहा देणार आणि तिथून इथे आणणार, आणि इथे दारात बोंबील लोंबतायत, नाकाला रुमाल लावून साहेब उभे, बाजूला लक्ष्मी हसतेय. हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं अर्धी सुकलेली मासळी उतरवली, पाट्यांत भरून वर प्लास्टिक बांधलं आणि हातगाडीवर घालून सरळ परळला आपल्या माहेरी पोचवली. मग वलांडीचे बांबू उपटले. आम्हीही उपटले, कारण बकुळाबायनं हाक मारली की गल्लीत कोणी घरात बसत नाही. बांबू माझ्या खोलीमागे रचले, जाळी पोटमाळ्यावर कोंबली. चौक फिनेलनं धुतला. तुळशीच्या कुंड्या मांडल्या, रांगोळी काढली, कोणाकडून तरी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दोघे होते, एकाच्या हातात नकाशा. लक्ष्मीबाय मोतिया रंगाची साडी नेसून त्यांच्याबरोबर. चौकात पाऊल टाकताच ती थबकली. जिथे वलांडी असायची तिकडे तिनं बघितलं, मग बकुळाबायकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. साहेबांनी चौक पाहिला, खोल्या पाहिल्या, गल्ली किती स्वच्छ ठेवली आहे म्हणून कौतुक केलं. इथे काय चालतं, असं विचारलं तर बकुळाबाय म्हणाली, काही नाही, मुलं खेळतात, संध्याकाळी आम्ही बसतो. ते गेल्यावर ती पायरीवर बसली आणि पोटभर हसली. लक्ष्मीचं तोंड पाहिलंस ना, असं तिनं मला तीनदा विचारलं. मीही पाहिलं होतं आणि माझाही समज तिच्यासारखाच झाला होता.

महिन्याभरानं नकाशा वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागला. मी शाळेतून येताना बघायला गेले. लाल रेष लक्ष्मीबायच्या कुंपणाला घासून खाली उतरली होती आणि आमची गल्ली बाहेर होती. बाजूला शेऱ्यात लिहिलं होतं की सदर गल्लीत मासेमारीशी संबंधित कोणताही वापर आढळला नाही.

मी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. साहेब घरं चांगली आहेत की वाईट ते बघायला आलेच नव्हते. इथे मासळीचं काम चालतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. वासानं गल्ली आत गेली असती आणि आम्ही वास धुऊन टाकला होता.

हे बकुळाबायला समजावायला मला संध्याकाळ गेली. तिला ते पटलंच नाही. तिच्या मते सगळं उघड होतं. रेष लक्ष्मीच्या कुंपणालाच कशी लागली? लक्ष्मी साहेबांबरोबर फिरत होती, लक्ष्मीनं चहा पाजला, लक्ष्मीनं बोट ठेवलं तिथे रेष आली. ती रात्री जेवली नाही. हरेश्वरकाकांनी ताट वाढून पुढ्यात ठेवलं तर म्हणाली, जा, वहिनीकडे जाऊन जेवा. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे कागद घेऊन आली. हरकती घ्यायची मुदत होती, तिला हरकत लिहायची होती.

मी पेन उघडून बसले. वाटलं, आपली गल्ली आत घ्यावी म्हणून सांगेल. ती म्हणाली, "लिही, लक्ष्मीचं घर बाहेर काढा."

 तिचं म्हणणं असं, की शेरा जर मासळीवरून मारायचा तर लक्ष्मीच्या बंगल्यात मासळी कुठे आहे? तिथे फरशी आहे, सोफा आहे. मासळी ती विकते दादरला, घरात खवलंसुद्धा सापडणार नाही. मग ती आत कशी? मी म्हटलं, मावशी, त्यानं तुम्ही आत जाणार नाही. ती म्हणाली, नाही गेले तर नाही, पण ती पण नको. मी चिडले. तुमच्या हेव्यापायी माझीही खोली जाईल, असं सुनावलं, आणि ते खरंच होतं. तरी कागद काही तिनं उचलला नाही. शेवटी मी दोन्ही लिहिलं. वर तिचं, खाली माझं: गल्लीचा चौक पूर्वापार मासळी सुकवण्यासाठी वापरात आहे, तरी हद्दीत घ्यावा. तिनं सही केली ती वरच्याला बघून. खालचं वाचलंही नाही.

सुनावणीला वॉर्ड ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही सगळे गेलो. समोर टेबलाशी अधिकारी बाई, चष्मा कपाळावर. गावातलीही माणसं होती, लक्ष्मीबाय पुढच्या रांगेत. नवरा गेल्यापासून बाजार सोडला तर ती फार कुठे जात नसे, पण पंचांत होती म्हणून आली होती. आमचा नंबर आला तेव्हा अधिकारी बाईंनी हरकत मोठ्यानं वाचली. लक्ष्मीचं घर हद्दीबाहेर काढावं, हे वाक्य आलं आणि हॉलमध्ये कुजबुज झाली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. बकुळाबाय मान ताठ ठेवून उभी. खालचंही वाचून झालं. अधिकारी बाई म्हणाल्या, पाहणीत तर काही आढळलं नाही, चौकात मुलं खेळतात असं तुम्हीच सांगितलं आहे. मग त्यांनी लक्ष्मीबायला विचारलं, तुमच्या घराबद्दल हरकत आहे, तुम्हाला काही म्हणायचंय का.

लक्ष्मीबाय उठली. मॅडमसमोर बोलायचं म्हणून तिनं भाषा जरा शुद्ध करून घेतली होती.

"बकुळा बोलते ते खरं आहे, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या घरात मासळी सुकत नाही. सुकवायला जागाच नाही. आमच्या सासूबाईंनी वाटण्या केल्या तेव्हा मी खळं मागितलं होतं. त्यांच्या पाया पडले होते. त्या म्हणाल्या, खळं बकुळाला. तिच्या हाताला बोंबील सुकवायची रीत आहे, तुझ्या हाताला नाही. तू घर घे आणि बाजारात बस."

 बकुळाबायनं माझा दंड धरला.

लक्ष्मीबाय पुढे सांगू लागली, तेव्हा अधिकारी बाईंकडे बघत नव्हती. वाटणीनंतर ती म्हणे कितीतरी दिवस रडली. कोळणीला घर कोणीही देतं, खळं सासू विश्वासानं देते, असं तिला वाटायचं. लालबागच्या गिऱ्हाइकांनी बकुळाच्या बोंबलांचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं. आणि साहेब आले त्या दिवशी चौकात वलांडी दिसली नाही, तेव्हा तिला कळलं होतं की हे चुकीचं होतंय, गल्ली बाहेर जाणार.

"मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "नाही बोलले. खळं रिकामं बघून मला बरं वाटलं."

एवढं बोलून ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसलं. अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बकुळाबायला विचारलं, वलांडी होती, तर पाहणीच्या दिवशी काढली का?

मला वाटलं, ही आता काहीतरी ठोकून देणार. पावसाची भीती होती, मांजरं आली होती, काहीही.  पण ती लक्ष्मीबायच्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघत म्हणाली, "हिच्या घराला वास येत नाय. माज्या घराला येतो. ही येनार होती, म्हनून काढली."

अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्या हसू आवरत होत्या, पण त्यांनी लिहिलं. चौकाची पुन्हा पाहणी होईल, असं सांगून पुढचा नंबर पुकारला. ती पाहणी झाली, बोंबलांनी गच्च भरलेल्या वलांडीसकट झाली, आणि पुढे रेष आमच्या गल्लीला वळसा घालून रस्त्यापर्यंत सरकली. लक्ष्मीबायचं घर होतं तिथेच, आत राहिलं. पण हे नंतरचं. त्या दिवशी आमच्या हातात काहीच नव्हतं.

जिन्यात दोघी जावा समोरासमोर आल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडतील, रडतील, मी बाजूला सरकलेसुद्धा. लक्ष्मीबाय म्हणाली, येते गो. बकुळाबायनं मान हलवली. बस. लक्ष्मीबाय कठड्याला धरून खाली उतरली. चपलेचा अंगठा तुटलेला होता, ती पाय ओढत गेली. मोतिया साडीतली बाई मला पहिल्यांदाच म्हातारी दिसली.

आम्ही टॅक्सी केली. बकुळाबाय खिडकीशी बसली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती रडतेय. मी हात धरला. म्हटलं, मावशी, जाऊ द्या आता, इतकी वर्षं मनात धरलंत, सासूनं तुम्हालाच मोठं मानलं होतं की. मला वाटलं होतं तिला पश्चात्ताप झाला असेल. जावेला उगाच नावं ठेवली, जेवणात काहीतरी घातलं म्हटलं, याचं वाईट वाटत असेल.

तिनं हात सोडवून घेतला. "इतकी वर्षं ती माज्यावर जळत होती," ती म्हणाली. "आनि मना एकानं सांगितलं नाय."

 तिनं डोळे पुसले, नाक ओढलं. टॅक्सी सुटली. थोडं पुढे गेल्यावर ती माझ्याकडे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, पोटात दुखायचं, असं म्हणाली ना ती? मी हो म्हटलं. लालबागच्या गिऱ्हाइकांनी माझं नाव काढलं की? मी म्हटलं, हो, तसंच म्हणाली.

"पयल्यापासून सांग," बकुळाबाय म्हणाली. "पाया पडली तिथून."

मी सांगितलं. वरळी नाक्याला तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं.